वाचकांचे प्रश्न : तुटलेले बटण आणि कलम १३२

प्रश्न : चौकात वाहतूक हवालदारांनी माझ्या पुतण्याच्या दुचाकीची चावी काढून घेतली. त्याने त्यांचा हात धरून ती हिसकावली आणि झटापटीत गणवेशाचे बटण तुटले. आता त्याच्यावर कलम १३२ लागले आहे. तहसील कचेरीतल्या फलकावर मात्र ‘कलम ३५३, पाच वर्षे’ असे लिहिलेले आहे. खरे काय? माफी मागून प्रकरण मिटेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तो फलक जुना आहे. कर्तव्यावरील लोकसेवकावर हमला किंवा बलप्रयोग करण्याबद्दलच्या, जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३५३ची शिक्षा महाराष्ट्राने स्वतंत्र दुरुस्ती करून दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली होती. मात्र १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते आणि याच गुन्ह्यासाठी तिच्या कलम १३२ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षे, दंड किंवा दोन्ही अशी आहे.

‘सरकारी कामात अडथळा’ या एकाच नावाखाली आपण तीन वेगळे गुन्हे मोजतो. नुसता अडथळा कलम २२१ खाली येतो आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. कर्तव्यावरील लोकसेवकावर हमला किंवा बलप्रयोग झाला, तर कलम १३२ लागते. दुखापत झाली तर कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत असल्यास किमान एक व कमाल दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते. केवळ शब्द म्हणजे हमला नव्हे. बेंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावरील टीकेवरून नोंदवलेला ३५३चा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये याच कारणाने रद्द केला. पुतण्याने मात्र हात धरला आहे, आणि बटण लहान असले तरी पुरावा म्हणून ते पुरेसे बोलके आहे.

चावी काढून घेणे हे हवालदारांचे कर्तव्यच नव्हते, असा बचाव वकील जरूर घेतील. परंतु कलम ३७ नुसार लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने सद्भावनेने वागत असेल आणि त्याच्या कृतीमुळे मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. चावीची तक्रार वरिष्ठांकडे करायची असते, चौकात नव्हे.

हा गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. शिक्षा सात वर्षांहून कमी असल्याने सामान्यतः अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस येते. ती आल्यास ठरलेल्या तारखेला न चुकता जावे. हा गुन्हा तडजोडयोग्य नसल्याने हवालदारांनी माफ केले तरी खटला आपोआप मिटत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते. चौकातील सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज मात्र याच आठवड्यात द्या, कारण ते काही दिवसांनी पुसले जाऊ शकते.