कुत्र्याला जवळ घेतलेला हा पोरगा कोण?

प्रश्न : दादा, नमस्कार. सासऱ्यांनी हैदराबादहून आणलेली एक जुनी फ्रेम घरात आहे, त्यात आठ-नऊ वर्षांचा मुलगा कुत्र्याला धरून उभा आहे, खाली इंग्रजीत प्रिन्स अन् नेपोलियन एवढंच वाचता येतं, बाकीचं वाळवीनं खाल्लं. आमचा पोरगा म्हणतो हा मोठा नेपोलियनच, लहानपणीचा. खरंय का? फोटो व्हॉट्सॲप केलाय.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही ताई. मोठा नेपोलियन कॉर्सिकातल्या वकिलाचा पोरगा, लहानपणी त्याला कोण प्रिन्स म्हणणार! हा त्याच्या पुतण्याचा, म्हणजे फ्रान्सचा बादशहा तिसऱ्या नेपोलियनचा एकुलता एक मुलगा लुई, जन्म १८५६ चा. तुमचं चित्र कार्पो या शिल्पकाराच्या पुतळ्यावरून घेतलेलं दिसतंय, १८६५ चा संगमरवरी पुतळा, आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. कुत्र्याचं नाव नीरो. फोटो झूम करून बघा, कुत्रा मान वर करून मालकाकडं बघतोय अन् पोराच्या अंगावर ना मुकुट ना तलवार, साधं जाकीट अन् गुडघ्यापर्यंतची चड्डी, युवराज असून घरातल्या लेकरासारखा उभा केलाय. १८७० ला बापाची गादी गेली, मायलेक इंग्लंडला पळाले, पण सेव्रच्या चिनीमातीच्या कारखान्यानं या पुतळ्याच्या छोट्या प्रती विकणं काही सोडलं नाही, नुसतं नाव बदलून 'कुत्र्यासोबतचा मुलगा' केलं. राजा गेला तरी धंदा चालू!

मोठेपणीचे फोटो बघाल तर हाच पोरगा ब्रिटिश तोफखान्याच्या युनिफॉर्ममध्ये, कारण वुलिचच्या मिलिटरी अकादमीतून १८७५ ला सातव्या नंबरानं पास झाला. चुलत आजोबा, म्हणजे मोठा नेपोलियन, जन्मभर ज्यांच्याशी लढला त्यांचेच कपडे अंगावर! मला तरी हेच फोटो सगळ्यात बोलके वाटतात. १ जून १८७९ ला दक्षिण आफ्रिकेत छोट्या तुकडीसोबत मुलखाची पाहणी करायला गेला, तिथल्या झुलू लोकांनी गाठलं, घोड्यावर चढताना खोगिराचा पट्टा तुटला अन् संपलं, वय फक्त २३, लग्न पण झालेलं नव्हतं. जामिन नावाच्या चित्रकाराचं त्याच्या मरणाचं चित्र नेटवर सापडेल, पण ते १८८२ चं, त्या जागी काही कुणी कॅनव्हास घेऊन बसलेलं नव्हतं, अन् मुलूख झुलूंचा होता, चालून गेले होते इंग्रज.

फ्रेम विकायची घाई नका करू. मागची फळी हळूच काढून कागदाची पाठ बघा, मासिकातलं पान असेल तर तिकडं पण काहीतरी छापलेलं असतं. त्याचा फोटो पाठवा, मग बोलू.