दोन छायाचित्रांतून डोंगराची उंची

प्रश्न : वडील एका खाण कंपनीच्या सर्वेक्षण विभागात होते. त्यांच्या कपाटात घडीच्या पायांचे दोन भिंगांचे उपकरण आणि हवाई छायाचित्रांच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या जोड्या सापडल्या. त्यांतून केवळ उठाव दिसे, की मोजमापही होई?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्याला सापडला तो खिशात मावणारा स्टिरिओस्कोप. या उपकरणाचे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडले. सर्वेक्षकांनी पुढे त्याचा खरा उपयोग केला तो मोजमापासाठीच.

विमानातून छायाचित्रे घेताना लगतच्या दोन चित्रांत साधारण ६० टक्के भूभाग सामाईक राहील, अशी काळजी घेतात. विमान पुढे सरकल्यामुळे प्रत्येक बिंदूची जागा दुसऱ्या चित्रात बदलते आणि जो बिंदू जितका उंच, तितका हा बदल, म्हणजे पराशय, अधिक असतो. तो मोजण्याच्या पॅरलॅक्स बारवर काचेच्या दोन पट्ट्या असून प्रत्येकीवर एक ठिपका असतो. भिंगांतून पाहताना दोन्ही ठिपके मिळून एकच ठिपका हवेत तरंगताना दिसतो. स्क्रू फिरवून तो जमिनीला टेकला, की वाचन घ्यायचे. समजा, विमान पायथ्यापासून ३,००० मीटर उंचीवर आहे, चित्रावरील आधारांतर (दोन छायाचित्रे घेतलेल्या जागांमधील अंतर, चित्राच्या प्रमाणात) ९० मिलिमीटर आहे आणि माथा व पायथा यांच्या वाचनांत १.५ मिलिमीटरचा फरक आला, तर टेकडीची उंची सुमारे ४९ मीटर भरते. (तो बारही कपाटात असण्याची शक्यता आहे, अवश्य शोधावा.)

मात्र नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. आपल्या डोळ्यांतील अंतर जेमतेम साडेसहा सेंटिमीटर, तर दोन छायाचित्रे घेतलेल्या जागांमधील अंतर शेकडो मीटर. त्यामुळे उठाव अवास्तव वाढतो आणि सड्याची, म्हणजे कातळाच्या पठाराची, साधी उतरण कडा भासते. शिवाय गोव्यातील सत्तरी तालुक्यासारख्या दाट रानात मोजली जाते ती झाडांच्या शेंड्यांची उंची, खालच्या जमिनीची नव्हे.

प्रश्न : ही पद्धत आता कालबाह्य झाली का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : भिंगे मागे पडली, पद्धत नाही. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावर एक कॅमेरा २६ अंश पुढे आणि दुसरा ५ अंश मागे रोखलेला होता, तर चांद्रयान-१ वरील कॅमेऱ्याने चंद्रपृष्ठ समोरून, वरून आणि मागून अशा तीन कोनांतून टिपले. आज ड्रोनच्या छायाचित्रांतील समान बिंदू संगणक जुळवतो आणि खाणीवरील मातीच्या ढिगाचे घनफळ काढता येते. पाण्याच्या हलत्या पृष्ठभागावर मात्र संगणकालाही स्थिर बिंदू सापडत नाहीत.