वकील व्हायचं असेल तर पदवीच्या आधीच कायदा हा विषय घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की पुढे कायद्याची पदवी करायची आहे, तर विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांत कायदा घ्यावा की इतिहास. मी कायदा घेतला होता आणि नंतर पदवीही केली, म्हणून लिहितो.

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी त्याची अट नसते. पदवीच्या पहिल्या वर्षी सगळ्यांची पाटी कोरी धरूनच शिकवतात. तेव्हा इतरांच्या पुढे राहू, या भरवशावर घेऊ नका.

आम्हाला डोनोघ्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला होता. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली इथे डोनोघ्यूबाईंसाठी मैत्रिणीने जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी बाईंची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईंचा दुकानदाराशीही करार नाही, मग बिअर बनवणाऱ्या कारखानदार स्टीव्हन्सनशी कुठून असणार? तरीही १९३२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरवलं की माल वापरणाऱ्याची काळजी घेणं हे कारखानदाराचं कर्तव्य आहे.

आमच्या नोट्समध्ये हे सगळं दीड ओळीत होतं. मी ते पाठ केलं, मार्कही पडले. पदवीला पूर्ण निकालपत्र हातात आलं तेव्हा हादरलो. बाटलीत गोगलगाय होती हे कोर्टात कधी सिद्धच झालं नव्हतं! तक्रार खरी मानली तर दाद मागता येते का, एवढाच प्रश्न न्यायाधीशांपुढे होता. पुढे स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. शिवाय बहुमताच्या विरोधात गेलेले न्यायाधीश लॉर्ड बकमास्टर यांचं मत मला पटायला लागलं. एकदा ही जबाबदारी मान्य केली तर थांबायचं कुठे, हा त्यांचा सवाल साधा नव्हता. रात्री वहीचं पान मधोमध दुमडून एकीकडे बहुमताच्या बाजूचे लॉर्ड ॲटकिन, दुसरीकडे बकमास्टर असे मुद्दे लिहीत बसलो. हे काम आपल्याला आवडतं, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं आधीच कळू शकलं असतं, याची अजून चुटपुट लागते.

म्हणून विषय निवडण्याआधी हे निकालपत्र वाचा. इंटरनेटवर मोफत मिळतं. भाषा जड आहे, दोन-तीन बैठका लागतील. वाचताना मध्येच उलटून बोलावंसं वाटलं तर कायदा जरूर घ्या, फक्त नोट्सवर भागवू नका. कंटाळा आला तर इतिहास घ्या. पुरावा तोलायची सवय तिथेही लागते. सुरुवात मात्र बकमास्टरांपासून करा, ॲटकिन नंतर.