पी०१७१ आला म्हणून सेन्सर बदलू नका, आधी दोन नंबरचं मिसिंग शोधा

तुमची अडचण मला अशी समजली: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला जोर दिला की झटके देते आणि चेक लाईट लागते. स्कॅनरवर पी०३०२, पी०१७१ आणि पी०१३१ असे तीन कोड. गॅरेजवाल्यांनी पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसले, थोड्याच दिवसांत तिन्ही परत आले. आता ते चारही इंजेक्टर बदलू म्हणतायत.

इंजेक्टरला अजून हात लावू देऊ नका. कोड म्हणजे ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, काय दिसलं त्याची नोंद. कुठला पार्ट खराब आहे ते त्यात लिहिलेलं नसतं. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय, त्यात इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो. दोन नंबरच्या वेळी तो धक्का कमी पडला, एवढंच क्रँक सेन्सरवरून ईसीएमला कळतं. ठिणगी नव्हती, पेट्रोल नव्हतं की कॉम्प्रेशन नव्हतं, हे त्याला माहीत नसतं.

आता बाकीचे दोन कोड बघा. सिलिंडर पेटला नाही की त्यातली हवा न जळता तशीच एक्झॉस्टमध्ये जाते. ऑक्सिजन सेन्सर मोजतो फक्त ऑक्सिजन, सोबतचं न जळलेलं इंधन त्याला दिसत नाही. म्हणून त्याचा व्होल्टेज खाली पडतो आणि पी०१३१ येतो. ईसीएम समजतं मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी आहे, ते इंधन वाढवत नेतं, वाढवायची हद्द संपली की पी०१७१. म्हणजे हे दोन्ही कोड एकट्या मिसिंगमुळे येऊ शकतात. सेन्सर खरं तेच सांगत होता, म्हणून नवा बसवूनही तेच कोड आले. जुना सेन्सर मागून घ्या आणि जपून ठेवा, बहुतेक तो चांगलाच असेल.

पहिलं काम, कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड आला तेव्हा आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीएमने इंधन किती वाढवलं-घटवलं तो आकडा) किती होते ते त्यात असतं. पुसलं की हा पुरावा जातो आणि शिकलेले ट्रिमही शून्यावर येतात. मोबाईलला जोडायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर यासाठी पुरतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनच्या सॉकेटला लावायचा.

मग गाडी त्याच चढावर, तशाच लोडवर एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर चालवा. हवा-गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे कमजोर कॉईल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी) किंवा झिजलेला प्लग आधी गॅसवर, आणि त्यातही चढावर उघडा पडतो. पेट्रोलवर गुळगुळीत आणि गॅसवर झटके, असं असेल तर आधी कॉईल-प्लग बघा, नंतर किटचा दोन नंबरचा गॅस इंजेक्टर. दोन्हीवर सारखंच मिस होत असेल तर किटला दोष देऊ नका.

आता अदलाबदल. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असेल तर दोन नंबरची कॉईल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, बाकी कशालाही हात लावू नका. कोड पुसून पुन्हा घाट चढा. पी०३०३ आला तर कॉईल गेली, विषय संपला. पी०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची. सगळं एकदम हलवलं तर गाडी सुधारेल, पण कशाने सुधारली ते कळणार नाही. पक्का कोड यायला बऱ्याचदा दोन फेऱ्या लागतात, म्हणून पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेले, कोडही बघत चला. काही इंजिनांत एक कॉईल दोन सिलिंडरला असते. तिथे कॉईल गेली की सहसा एक-चार किंवा दोन-तीन अशी जोडी मिस होते.

कॉईल काढलीच आहे तर प्लगच्या विहिरीत टॉर्च मारून बघा. आपल्या सोलापुरात धुळीमुळे लोक सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारायला लावतात. तेच पाणी विहिरीत साचतं, आणि बोअरचं असेल तर सुकल्यावर क्षारांचा थर राहतो. टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर तिथे ऑईल दिसेल. कॉईलच्या रबरावर काळी बारीक रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळतेय. ते रबर बदला आणि प्लगही नवा टाका. गॅसवर चालणाऱ्या गाडीत प्लगचं अंतर कंपनीने दिलेल्या खालच्या हद्दीजवळ ठेवावं. इरिडियमचा प्लग मात्र ठोकून-वाकवून सेट करू नये.

एवढं करूनही मिसिंग दोनवरच राहिलं तर कॉम्प्रेशन मोजा. गॅसवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजतात, टॅपेटचं अंतर कमी होत जातं, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. दोन नंबरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर कॉईल-सेन्सर विसरा, हेडचं काम आहे.

हवेची गळतीही तपासावी लागेल, कारण तिच्यामुळे लीन आणि मिसिंग दोन्ही होतं. आयडलला लाँग टर्म (शिकलेला) ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल, तर गळती. उलट लोडवर ट्रिम वाढत गेला तर फ्युएल पंप किंवा फिल्टर. पण तुमच्या गाडीत हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) घेतला जात असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत तसंच असतं, तर गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, आयडल मात्र वाढतं. ट्रिम पेट्रोलवरच वाचा. गॅसवर किटच्या ट्यूनिंगमुळे आकडे फसवतात.

पुढे कधी मॅप, थ्रॉटल, एसी प्रेशर असे तीन-चार सेन्सरचे कोड एकदम आले, तर ते सेन्सर बदलत बसू नका. त्यांना ५ व्होल्टचा पुरवठा बहुधा एकत्रच असतो. एक शॉर्ट झाला की सगळे पडतात. एकेक कपलर काढत जा, ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येईल तिथे दोष. इंजिनची अर्थ वायर आणि उंदरांनी कुरतडलेलं वायरिंगही त्याच वेळी बघा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. चेक लाईट नुसती लागली तर गाडी सावकाश घरी आणता येते, पण लुकलुकायला लागली तर पाय लगेच हलका करा, झटके थांबले नाहीत तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळतो, आणि त्याचा खर्च कॉईलच्या कितीतरी पट येतो. दुरुस्ती होईपर्यंत घाटात गॅसवर माणसं भरून जाऊ नका.

कॉईलची अदलाबदल करून कुठला कोड आला ते इथे लिहा. सोबत पेट्रोलवरचे आयडल आणि २५०० आरपीएमचे दोन्ही ट्रिम टाका, मग पुढचं बघू.