घरी लाकडाचा लेथ घ्यायचा तर पैसे नेमके कशात घालावेत?

प्रश्न असा आहे: "सुतारकामाची हौस आहे, नोकरी सांभाळून करायचंय. 35 हजारांत घरी लाकडाचा छोटा लेथ बसवता येईल का? ड्रिल मशीनला जोडायचा स्वस्त लेथ चालेल का? जागा म्हणजे तळमजल्यावरची मागची पडवी."

येईल. लेथ म्हणजे लाकूड धरून गरगर फिरवणारं मशीन, त्यावर हत्यार टेकवून लाकूड गोल कातायचं. फक्त सगळे 35 मशीनवर उडवू नका. वीसच्या आत मशीन बघा, जुनं असो की इथल्याच एखाद्या वर्कशॉपनं बनवलेलं. उरलेले पंधरा हत्यारं, ग्राइंडर आणि पुढे लागणारा चक (लाकूड पकडणारा जबडा) यांत कसे जातात ते कळतसुद्धा नाही. मी उलटं केलं होतं. चकचकीत मशीन आणलं आणि दोन महिने एका बोथट पटाशीनं लाकूड खरवडत बसलो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे लेथ म्हटलं की माणूस थेट उद्यमनगरच्या कारखान्यांकडे बोट दाखवतो, कारण लेथ म्हणजे लोखंडाचा. लाकडाचा पाहिजे म्हटल्यावर तिथला एक टर्नर हसलाच. खरं तर पाळण्याचे कातीव दांडे, पलंगाचे खूर, रवी, लाटणी हे सगळं कातारी लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. आपल्याला ते यूट्यूबवर पाहून सुचतं, एवढंच.

आधी ड्रिलचं. ड्रिलचे बेअरिंग समोरून येणाऱ्या दाबासाठी असतात, आणि लेथवर दाब येतो बाजूने, तोही धक्क्याधक्क्याने. भोवरे, पेन, सोंगट्या एवढंच करणार असाल तर हरकत नाही. लाटण्याएवढं लाकूड लावलंत की थोड्याच दिवसांत चक डुगडुगायला लागेल. त्यापेक्षा ते पैसे साठवा.

मशीन बघायला गेलात की रंग आणि हॉर्सपॉवर नंतर. पहिल्यांदा हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणाऱ्या डोक्याच्या) स्पिंडलवरचे, म्हणजे फिरत्या दांड्यावरचे, आटे बघा. एक इंच व्यास आणि इंचाला 8 आटे हे माप असेल तर फेस प्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती), चक सगळं बाजारात तयार मिळतं. माझ्या पहिल्या मशीनचं माप कुठल्याच चकला जुळेना, आणि विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. शेवटी त्याच हसणाऱ्या टर्नरनं तासाभरात एक अडॅप्टर कातून दिला. आत माझ्या स्पिंडलचे आटे, बाहेर एक इंच आठचे. घेतले 300 रुपये, वर चहा पाजला.

दुसरं, हेडस्टॉक आणि समोरचा टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग), दोन्हीकडचा टेपर, म्हणजे आतलं निमुळतं भोक, एमटी-2 मापाचा आहे का ते विचारा. लोखंडाच्या लेथवरही हा टेपर सर्रास असतो, म्हणून रिव्हॉल्व्हिंग सेंटर (लाकडाबरोबर फिरणारं अणकुचीदार टोक), ड्रिल चक या गोष्टी टूल्सच्या कुठल्याही दुकानात मिळतात. 'हौशी लोकांसाठी खास' म्हणून चढा भाव द्यावा लागत नाही. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट माहीत असेलच.

तिसरं, टेलस्टॉक सरकवत हेडस्टॉकपर्यंत आणा आणि दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांना भिडवा. टोकाला टोक लागलं पाहिजे. केसभर फरक पत्र्याची पट्टी सारून निघतो, दोन मिलिमीटरचा असेल तर ते मशीन तिथेच सोडा. बेड, म्हणजे टेलस्टॉक ज्यावर सरकतो तो खालचा भाग, ओतीव लोखंडाचा असेल तर उत्तम. वजनाला घाबरू नका, लेथ जितका जड तितका शहाणा. स्विंग, म्हणजे मशीनवर मावणारा सर्वांत मोठा व्यास, दहा इंच पुरे; त्यासाठी सेंटरपासून बेडपर्यंत पाच इंच उंची.

मोटर अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवरची, सिंगल फेज, 1440 आरपीएम. वेग बदलायला स्टेप पुली (लहान-मोठ्या व्यासांच्या पायऱ्यांची). हिशोब सोपा आहे: मोटरवर दोन इंची पुली आणि स्पिंडलवर चार इंची, तर 720, दोन्ही सारख्या तर 1440. इथे एक चूक बरेच जण करतात, मीही केली. पंख्याचा रेग्युलेटर मोठा आणून मोटरला लावायचा. कपॅसिटरवर सुरू होणाऱ्या मोटरचा वेग असा कमी होत नाही. ती गुरगुरते, तापते आणि शेवटी रिवाइंडिंगवाल्याकडे जाते. वेग हवा तसा फिरवायचाच असेल तर थ्री फेज मोटर घेऊन घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावावा लागतो. तो खर्च दुसऱ्या वर्षी करा. वायर जाड, सॉकेट 16 अँपिअरचं आणि अर्थिंग खरोखरचं. पडवीतल्या जुन्या वायरिंगवर विश्वास ठेवू नका.

किती वेग ठेवायचा? लाकडाचा व्यास इंचांत घ्या, त्याला आरपीएमने गुणा. उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान आलं पाहिजे. आठ इंची वाडग्याला साधारण 750 पासून पुढे. नवशिक्याने खालच्या आकड्याजवळच राहावं, आणि लाकूड ओबडधोबड असेल तर त्याच्याही खाली.

आता बैठक. यावर कोणी फारसं बोलत नाही, पण थरथरणारा लेथ कितीही महागडा असला तरी त्यावर चांगलं काम होत नाही. मी जुन्या घराच्या पाडकामातल्या सागवानी तुळया आणून टेबल केलं, बोल्ट आरपार मारले आणि खालच्या फळीवर वाळूची तीन पोती ठेवली. वाळू ठेवण्याआधी मशीन रात्रीत चार बोटं सरकायचं. उंची अशी ठेवा की स्पिंडल तुमच्या कोपराच्या रेषेत येईल. कमी झाली तर पाठ बोलते. तळमजला आहे म्हणून तुम्ही सुटलात. वरच्या मजल्यावर असता तर खालच्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला असता.

हत्यारं एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची), आणि सुरुवातीला चारच: रफिंग गाउज (ओबडधोबड लाकूड गोल करायला), स्पिंडल गाउज (आकार द्यायला), पार्टिंग टूल (तुकडा वेगळा करायला), एक गोल तोंडाचा स्क्रेपर. गाउज म्हणजे आपली गोल पटाशीच, पण दांडा लांब आणि पोलाद वेगळं. सुतारी पटाशी लेथवर वापरू नका. जुनी कानस घासून हत्यार बनवण्याचा सल्ला कोणी दिला तर मान डोलवा आणि विसरून जा. कानस कडक असते, पण ठिसूळही. फिरत्या लाकडात अडकली तर काचेसारखी तुटते. रफिंग गाउज फक्त लांब लाकडाला, वाडग्याला कधीच नाही. त्याची मुठीत जाणारी शेपटी पातळ असते, ती मोडते.

ग्राइंडर सहा इंची, त्यावर पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड. धार लावणं ही या छंदाची खरी फी आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून धार लावावी लागते. लाकडातून लांब छिलके निघत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर ग्राइंडरकडे चला. कापताना धारेमागच्या उताराची पाठ आधी लाकडावर टेकवायची, मग मूठ हळूहळू वर उचलायची. धार आपसूक आत शिरते. नेमकं उलटं केलं, म्हणजे टोक आधी घुसवलं, की दणका बसतो. एकदा बसला की जन्मभर लक्षात राहतो.

फोर-जॉ (चार जबड्यांचा) चक लगेच नको. पहिले दोन महिने दोन सेंटरमधली कामं करा: लाटणं, रवी, मुठी. वाडगा करायचीच घाई असेल तर फेस प्लेटवर एक टाकाऊ लाकूड स्क्रूने बसवा, त्यावर फेव्हिकॉल, मग वर्तमानपत्राचा कागद, पुन्हा फेव्हिकॉल आणि मग तुमचं लाकूड. रात्रभर दाबून ठेवा. काम झालं की कागदाच्या जागी पटाशी ठेवून हलकेच ठोका, जोड सुटतो.

लाकूड विकत घेऊ नका. वखारीत आणि रस्त्याकडेला छाटणीनंतर पडलेल्या फांद्यांत वर्षभराचं सामान मिळतं. आंबा मऊ, शिकायला बरा, पण रेषा उसवतात. शिवण कातायला फार गोड. बाभूळ सुकली की दगड, ती ओलीच काता. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाडच ठेवा, दहा इंची असेल तर कड एक इंचाची, टोकांना ऑइल पेंट फासा आणि काही महिने विसरा. मग पुन्हा लावून बारीक करा. भेग दिसली की ते लाकूड लेथवर चढवायचं नाही, कितीही देखणं असो.

रंगकामासाठी आंबोली घाट उतरून एकदा सावंतवाडीला जाऊन या. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो, हे मी वाचलेलं होतं. हातानं करून बघितलं तेव्हा माझी लाख थापली गेली, तेव्हा कळलं की दाब किती ते हातालाच शिकावं लागतं. कर्नाटकात चन्नपट्टणला यावर केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. आपल्या लाटण्याला मात्र काही लावू नका. फार तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन पुसा. खायचं तेल लावलंत तर काही आठवड्यांत खवट वास येतो.

चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, फक्त गॉगल नाही. धुळीसाठी एन-95. हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातली चेन, सगळं बाहेर. बटण दाबण्याआधी लाकूड एकदा हातानं फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. आणि सुरू करताना त्याच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा.

पडवी म्हणताय म्हणून पावसाचंही सांगतो. जूनच्या आधी बेडवर मेण चोळून ठेवा. वर प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडून दोन दिवसांत गंज धरतो. जुनी सुती चादर टाका, आणि मोटरचा प्लग काढून ठेवा.