देणगीत आलेल्या जुन्या कॉम्प्युटरांना काम कसं शोधायचं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आपल्या गटाकडे देणगीत आलेल्या जुन्या कॉम्प्युटरांची रास बघून तुझा पहिला प्रश्न होता, ‘ही कुठे देता येतील?’ माझं सांगणं असं की आधी काम शोध, मग त्या कामाला पुरेल असं मशीन काढ. उलट क्रमाने गेलास तर प्रत्येक वेळी ‘देऊ एखाद्या शाळेला’ हेच उत्तर येतं आणि आपली अडगळ शाळेच्या गळ्यात पडते. शेवटी ते भंगारात काढायचं कामही त्यांच्याच माथी.

मशीन आत आलं की सर्वांत आधी डिस्क पुसायची. हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहिली की पुरे, सात-सात फेऱ्यांत दिवस घालवू नकोस. एसएसडीला, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, ही पद्धत चालत नाही. तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) काही जागा राखून ठेवतो आणि वरून लिहिलेलं तिथवर पोचत नाही, म्हणून तिला ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा द्यावी लागते. डिस्क ‘फ्रोझन’ आहे, म्हणजे ही आज्ञा घेत नाही, असं उत्तर आलं तर मशीन स्लीपमध्ये टाकून पुन्हा जागं कर, बहुतेकदा अडसर निघतो. जी हार्ड डिस्क पुसताच येत नाही तिच्या तबकड्यांना भोकं पाड. पुसून झाल्यावर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघ. ५ क्रमांकाची ओळ खराब म्हणून बदललेले सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे) सांगते, १९७ क्रमांकाची वाचताना अडखळणारे. यातला कुठलाही आकडा शून्याच्या वर असेल तर ती डिस्क कोणाच्या हाती द्यायची नाही.

मग निवड. लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या लाइव्ह (मशीनवर काही न बसवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू कर आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, रॅम किती आणि कोणत्या पिढीची (डीडीआर-२, डीडीआर-३ वगैरे), हे लिहून घे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट आय-३, आय-५ मशीनं आता टाकून दिली जातायत. गटाचे पैसे यांच्यावरच खर्च कर. ८ जीबी रॅम, एक साधी सॅटा (नेहमीच्या डिस्क-केबलवर चालणारी) एसएसडी आणि लिनक्सची मिंट ही आवृत्ती एवढ्यावर ही मशीनं रोजच्या कामाला लागतात. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी घे, मात्र रॅम निदान ४ जीबी असायला हवी.

डीडीआर-२ रॅमची कोअर टू डुओ मशीनं मधली. त्यांच्यावर ब्राउझर उघडतो, पण व्हिडिओला दम लागतो. जुनी ग्राफिक्स चिप व्हीपी ९ सारखं आजचं व्हिडिओचं स्वरूप उलगडू शकत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. म्हणून ऑनलाइन वर्गासाठी हे मशीन देऊ नकोस. टायपिंगचा सराव, हिशेबाच्या शीट, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, किंवा किविक्सवर इंटरनेटशिवाय विकिपीडिया, ही कामं ते मुकाट्याने करतं.

त्याखालची ३२ बिटची मशीनं इंटरनेटला जोडायच्या फंदात पडू नकोस. डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच येत नाही. ‘सर्व्हर करू’ असं कोणीतरी हटकून सुचवतं. पेंटियम ४ चं मशीन सतत १०० वॅट ओढत राहिलं तर वर्षाला ८७६ युनिट वीज जाते, आणि तेच काम काही वॅटवर चालणारा हाताएवढा बोर्ड करतो.

पण या मशीनांना एक उपयोग असा आहे जो नवी मशीनं देऊ शकत नाहीत: त्यांच्यावर बिनधास्त हात चालवता येतो. दोन-तीन मशीनं सरावासाठी वेगळी ठेव आणि मुद्दाम बिघाड करून दे. एकात रॅम अर्धवट बसव. दुसऱ्यात प्रोसेसरजवळची चार पिनांची वायर काढ, पंखा फिरेल पण पडद्यावर काही येणार नाही. तिसऱ्यात सॅटा केबल ढिली कर. शिकणाऱ्याने आधी बीप ऐकायचे, मग एकेक भाग काढून तपासायचा, आणि काय बघितलं ते लिहायचं. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोन्हींच्या पट्ट्यांना २४० पिना असतात, फक्त खाच वेगळ्या जागी. बसत नाही म्हणून जोर लावला की स्लॉट तुटतो, हे शिकायला टाकाऊ बोर्डासारखी दुसरी जागा नाही. मात्र एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि जुना काचेचा मॉनिटर कोणालाही उघडू द्यायचा नाही. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही.

एकाच मॉडेलची आठ-दहा मशीनं आली तर ती फोडू नकोस, एका जागी लॅब कर. एलटीएसपी नावाचं सॉफ्टवेअर वापरून सगळी मशीनं एका सर्व्हरवरून नेटवर्कने बूट होतात, त्यामुळे डिस्क वाचतात आणि अपडेट एकदाच करावं लागतं. यात रॅम मात्र ज्याची त्याची लागते, २ जीबीवर ब्राउझर गुदमरतो. स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचा डबा) गिगाबिटचा घे, नाहीतर सगळ्यांनी एकदम बूट केलं की रांग लागते. एक मशीन सुट्या भागांसाठी तिथेच ठेवून दे.

देण्याआधी प्रत्येक मशीनमधली सीआर २०३२ बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारी नाण्यासारखी) बदल. ती संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, वेबसाइटचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ब्राउझरला वाटतं आणि एकही पान नीट उघडत नाही. घेणारा बिचारा इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. बॅटरी काढल्यावर बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून तारीख, बूटचा क्रम आणि सॅटाचा एएचसीआय मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) पुन्हा तपास. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेव, एकही चूक दिसली तर ती रॅम बाद.

लॅपटॉप घेताना बायोसचा पासवर्ड देणाऱ्याकडूनच काढून घे, नंतर तो माणूस सापडत नाही. ज्याचा भागही कामाचा नाही ते मशीन नम्रपणे नाकार किंवा थेट अधिकृत ई-कचरा केंद्राचा पत्ता दे. पुढच्या बैठकीआधी रजिस्टरमध्ये एकेका मॉडेलची किती मशीनं आहेत ते मोजून ठेव. आठ-दहा एकसारखी निघाली तर लॅबचं बघू.

कळावे,
तुझा हितचिंतक