भगंदर कॉम्प्लेक्स आहे म्हणून आधी सेटॉन टाकायचं म्हणतात. लेझरने एकदाच का संपवत नाहीत?

एमआरआयमध्ये 'हाय ट्रान्सस्फिंक्टेरिक' (म्हणजे भगंदराची वाट गुदद्वाराच्या स्नायूंतून उंचावरून जाणारी) निघालंय आणि सर्जन दोन-तीन महिने दोरा ठेवायचं म्हणताहेत, म्हणून तुम्ही वैतागला आहात. साहजिक आहे. मी डॉक्टर नाही, याच दुखण्यासाठी चार वेळा टेबलावर गेलेला पेशंट आहे. तुमचा प्रश्न मीही पहिल्याच भेटीत विचारला होता.

माझं पहिलं ऑपरेशन एमआरआय न करताच झालं. बाहेर तोंड दिसत होतं, तिथून हाताला लागलं तेवढं खरवडून काढलं. दोन महिने बरे गेले, मग एका सकाळी कपड्यावर पुन्हा तोच पिवळट डाग. बाहेरचं तोंड म्हणजे नुसतं टोक, हे मला तेव्हा कळलं. गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबून पिकते आणि पू स्नायूंतून वाट काढत कातडीपर्यंत येतो. आतलं तोंड तसंच राहिलं की बाहेर कितीही साफ करा, वाट परत वाहायला लागते.

साध्या भगंदरात ती अख्खी वाट चिरून उघडी करतात आणि जखम तळापासून भरू देतात. फिस्टुलोटॉमी म्हणतात ती हीच, आणि खात्रीचा उपाय म्हणून अजून तिच्यावर कुणी मात केलेली नाही. तुमची अडचण स्नायूची आहे. शौच धरून ठेवणारी स्नायूची दोन कडी असतात. आतलं आपोआप आवळलेलं असतं, बाहेरचं आपण आवळतो. वाट बाहेरच्या कड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भागातून जात असेल, फाटे फुटले असतील, बाईमाणसाला पुढच्या बाजूला असेल किंवा आधी ऑपरेशन होऊन उलटलं असेल, तर त्याला कॉम्प्लेक्स म्हणतात. असं भगंदर सरळ चिरलं तर बरं होईलही, पण गॅस आणि पातळ शौच धरता येईलच असं नाही. पूवाला डाग परवडला, तो डाग नको.

(सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार आहेत. त्यातला शतपोनक म्हणजे चाळणीसारखी अनेक तोंडं असलेला, शंबूकावर्त म्हणजे शंखाच्या वेढ्यासारखा वळलेला. माझा रिपोर्ट वाचताना ही नावं फार चपखल वाटली!)

सेटॉन म्हणजे वाटेतून ओवून सैल गाठ मारलेला दोरा, बहुधा सिलिकॉनचा. तो काही कापत नाही. तोंड उघडं ठेवतो, पू साचू देत नाही, गळू परत होत नाही आणि वाट हळूहळू बारीक, घट्ट होते. पुढच्या ऑपरेशनला अशीच वाट लागते. पहिले चार दिवस दोरा टोचतो, मग त्याचा विसर पडतो. कोमट पाण्यात बसणं, शौच मऊ ठेवणं आणि खिशात गॉजची घडी, एवढं जमलं की कामावर जाता येतं. मी तो अकरा आठवडे वागवला.

नंतर माझं लिफ्ट (LIFT) नावाचं ऑपरेशन झालं. ही पद्धत २००७ साली थायलंडच्या रोजनासाकुल यांनी मांडली. दोन्ही कड्यांच्या मधल्या फटीतून शिरून वाट तिथेच बांधतात आणि तोडतात, स्नायू कापत नाहीत. बऱ्याच जणांचं पहिल्या खेपेला भरतं. माझं भरलं नाही. पण गंमत बघा, उलटलेलं भगंदर पहिल्यासारखं नव्हतं. बाहेरच्या कड्यातला भाग भरून आला होता आणि फक्त दोन कड्यांमधली छोटी वाट उरली होती. ती चौथ्या खेपेला साधी उघडता आली. लिफ्ट फसलं म्हणून मी आठवडाभर तोंड पाडून बसलो होतो, आणि सर्जन मात्र खूश!

आता लेझर. त्याची बारीक दांडी वाटेत घालून आतून भाजत बाहेर आणतात. स्नायू वाचतो, दुखतं कमी, हे खरंच. पण वाट रुंद असेल, आत पूचा कप्पा असेल किंवा फाटे असतील तर वाट नीट मिटत नाही. म्हणजे लेझर करायचं तरी आधी सेटॉन बरेचदा लागतोच. 'एकदाच आणि कायमचं' असं कुणी सांगत असेल तर मी त्याच्याकडून उठून येईन.

आयुर्वेदातल्या क्षारसूत्राचंही कुणीतरी सुचवेलच. ते थोतांड नाही, त्यावर रीतसर चाचण्या झाल्यात. पण तो औषधी दोरा दर आठवड्याला बदलत वाट हळूहळू कापत नेतो, म्हणजे वाटेतला स्नायूही कापला जातो. उंचावरच्या भगंदरात हे करणारा हात कसलेला हवा.

पुढच्या भेटीत विचारा: आतलं तोंड किती वाजता आहे (ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच जागा सांगतात), बाहेरच्या कड्याचा किती भाग सापडलाय, फाटा किंवा कप्पा आहे का, आणि क्रोन्स (आतड्यांना सूज आणणारा जुनाट आजार) किंवा टीबीची शंका आहे का. या दोन्हींत औषधांशिवाय नुसत्या चाकूने भागत नाही, म्हणून काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवायला सांगा. आणि एमआरआयचा नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. माझ्या सर्जनने कागद बाजूला ठेवून आधी चित्रंच लावली होती, आणि रिपोर्टमध्ये नसलेला एक फाटा त्यांना तिथेच दिसला.